मुक्या तारा

वहिनीचं काम असं होतं, की दिवसभर तिच्यासमोर माणसं डोळे मिटून बसत. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. तिच्या भिंतींना आतून जाड करडा स्पंज लावलेला आणि दार असं घट्ट, की लावलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं नाहीसं व्हायचं. आत एक खुर्ची, खुर्चीतल्या माणसाच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. वहिनी काचेच्या अलीकडे बसून एकेक आवाज सोडायची आणि तो ऐकू आला की त्या माणसाने बटण दाबायचं. आवाज बारीक होत होत इतके बारीक होत, की शेवटी माणसांना नसलेलेही ऐकू येऊ लागत. मग कुणीतरी उगाचच बटण दाबे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू उमटे, की ती चूक कागदावर मांडताना वहिनीचा हात जड व्हायचा.

तिला वहिनी म्हणणारी खरी एकच, तिची धाकटी नणंद. पण नणंदेचं ऐकून शेजारपाजारचेही वहिनीच म्हणू लागले, आणि मग दवाखान्यातही तेच नाव पडलं.

अकरा वर्षं शांततेत बसल्यावर घरी मात्र तिला आवाज हवा असायचा. अडतिसाव्या वर्षी तिने कुणाची तरी वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. नवऱ्याला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे, उतरेल. त्याला चार वर्षं झाली. आता रविवारी सकाळी मागच्या खोलीत, इस्त्रीला काढलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, वहिनी वाजवायची आणि नणंद गायची. नणंद एका छापखान्यात पुस्तकं बांधायची. तिचा आवाज तिच्या कामासारखाच होता, नीटस आणि हळू. शेजारी बसलेल्याच्या कानात काहीतरी सांगावं, तशी ती गायची.

हल्ली तिने स्वतःच एक गाणं रचलं होतं. त्याच्या ओळी लांबलचक, घाई नसलेल्या. आणि तिथेच घोडं अडलं होतं. वहिनीने तार छेडली की सूर आधी दणकन उठायचा आणि ओळ अर्ध्यावर यायच्या आत विरून जायचा. आवाज वाढवावा, तर पुढचा सूर नणंदेच्या अंगावर धावून यायचा.

"वहिनी, तुझा सूर मला रस्त्यात सोडून पुढे निघून जातो," नणंद म्हणाली. "छापखान्यात एकजण वाजवतो, तो म्हणाला, कंप्रेसर घ्या."

नवरा दारातून जात होता. "काय? फ्रिज बिघडला?"

"फ्रिजचा नाही रे दादा. गिटारचा. पायाने दाबायचा डबा असतो."

"गिटारला गारठवणार आता," असं म्हणून तो हसत आत गेला.

वहिनीला मात्र तो शब्द ओळखीचा होता. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात ती जी यंत्रं बसवायची, त्यांच्या पोटात हेच काम चालायचं. हळू आवाजाला वर उचलायचं, मोठ्याला दाबून धरायचं, म्हणजे दोघंही माणसाच्या आवाक्यात राहतात. गिटारच्या सुरालाही असं कुणी हात धरून चालवत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. त्या विचाराने ती आठवडाभर जरा तरंगतच होती. नव्या बुटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. बूट काय, पुढच्या वर्षीही मिळतात. त्यात बसेल तो डबा घ्यायचा, असं ठरलं.

शनिवारी दुपारी दोघी दुकानात गेल्या. खाली बटणांचं दुकान आणि त्याच्या बाजूने वर जाणारा अरुंद लाकडी जिना. वर गिटारी टांगलेली लांबट खोली. दुकानदार सत्तरीकडे झुकलेले, उंच, किंचित वाकलेले. गिटारच्या तारा त्यांच्याइतक्या कुणाकडेच मिळत नसत, म्हणून सगळे त्यांना तारवाले म्हणायचे. भिंतभर तारांची चौकोनी पाकिटं खिळ्यांना लटकत होती. खिडकीतून वारा आला की सगळी पाकिटं एकदम हलायची, झाडाची पानं हलावीत तशी.

वहिनीने आपल्याला काय हवं आणि कितीपर्यंत, हे एका दमात सांगून टाकलं. तारवाल्यांनी ती बोलत असताना तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, मान डोलावली आणि तीन डबे आणून टेबलावर ठेवले. एक हिरवा, चकचकीत. एक निळा, छोटा, कोरा. आणि एक करडा, जुना, रंगाचे पोपडे उडालेला, एका बटणाची टोपी हरवलेला.

"हिरवा उत्तमच आहे, पण तुमच्या हिशेबात बसायचा नाही. ऐकून मात्र ठेवा, म्हणजे चांगलं काय ते कळेल," ते म्हणाले. "निळा नवा आहे आणि स्वस्त. लोक हाच नेतात. करडा वापरलेला आहे."

वहिनी स्टुलावर बसली. हिरव्यावर पाय ठेवून तिने तार छेडली, आणि सूर सरळ उभा राहिला. किंमत ऐकून तिने पाय अलगद काढून घेतला, झोपलेल्या मांजराजवळून उठावं तसा.

मग निळा. सूर लांबला खरा, पण त्याच्या मागे बारीकसं श्श्श सुरू झालं, दूर कुठेतरी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. आणि सूर विरू लागला की ते श्श्श मोठं व्हायचं.

"हा फुसफुसतोय," नणंद म्हणाली.

"हो, सुंदरच आहे," तारवाले म्हणाले.

"सुंदर नाही हो काका, फुसफुसतोय! मागे आवाज येतोय!"

तारवाल्यांनी स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवला, क्षणभर थांबले. "छे. स्वच्छ आहे. अगदी निवळशंख. पंचवीसेक जणांना दिलाय मी हा. काही लोक परत घेऊन येतात, नाही असं नाही. लोकांना हल्ली तक्रारीच फार."

नणंदेने वहिनीकडे डोळे वटारून पाहिलं. हा माणूस आपल्याला बनवतोय, असं ती नजर सांगत होती. पण वहिनी त्या लाकडावरच्या तळहाताकडे पाहत होती.

तिने करड्याची जोडणी केली आणि तार छेडली.

त्यानंतर किती वेळ गेला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. सूर उठला आणि उठल्या जागी थांबला. दणका नाही, घाई नाही. दुपारचं ऊन फरशीवर जसं पसरून राहतं आणि सरकलेलं कळतसुद्धा नाही, तसा तो खोलीत राहिला. वहिनीला वाटलं, आपण त्या स्पंजच्या खोलीत आहोत आणि आजवर तिथे बसून गेलेली सगळी माणसं एकाच वेळी आत आली आहेत. चष्मेवाले एक आजोबा आले होते. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली एक आई आली होती. सगळ्यांनी डोळे मिटलेले, सगळ्यांच्या हातात बटण, आणि सगळ्यांना एकच आवाज ऐकू येतोय. कुणालाच वगळलेलं नाही. खिडकीजवळची पाकिटं हलली. सूर अजून होताच.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "हाच."

"हा कुणाचा होता?" वहिनीने तोंड वर करून, शब्द सुटे सुटे करून विचारलं.

"माझाच," तारवाले म्हणाले. "तीस वर्षं वापरला. आता कशाला ठेवू? वाजवण्यात राम राहिला नाही. तारांचा दर्जाच गेला हो. पूर्वी नवी तार चढवली की कशी लख्ख बोलायची! हल्ली पाकिटातूनच मुक्या येतात. पांघरुणाखालून वाजवल्यासारख्या. तीन कंपन्या बदलल्या मी. सगळ्या सारख्याच."

वहिनीच्या गिटारवर त्याच दुकानातल्या, त्याच पाकिटातल्या तारा होत्या. गेल्याच आठवड्यात चढवल्या होत्या आणि त्या घंटेसारख्या वाजत होत्या.

तिने नणंदेला खाली बटणं बघायला पाठवलं. नणंदेला काही कळलं नाही, पण वहिनीचा चेहरा पाहून ती गेली. मग वहिनी तारवाल्यांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली.

"काका, तारा मुक्या यायला लागून किती दिवस झाले?"

"झाली असतील तीनेक वर्षं."

"आणि बायका आणि लहान मुलं हल्ली पुटपुटत बोलतात, असं वाटतं का?"

ते चमकले. "अगदी! नातीचं तर एक अक्षर कळत नाही. तुम्हाला कसं ठाऊक?"

वहिनीने पर्समधून दवाखान्याचं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बंद होत गेला, दुकानाचं शटर उतरावं तसा.

"तारा चांगल्या आहेत, काका," ती म्हणाली.

"पन्नास वर्षं गिटारी सुरात लावतोय मी या कानांनी."

"म्हणूनच सांगितलं."

"मी विचारलं नव्हतं." त्यांनी स्पीकरचं बटण बंद केलं, करडा डबा उचलून कपाटात ठेवला. "चहाची वेळ झाली. दुकान बंद करतोय."

वहिनी जिना उतरली ती अगदी कानकोंडी होऊन. कुणी विचारलं नसताना आपण कशाला तोंड उघडलं? दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचं, वस्तू घ्यायची, बाहेर पडायचं. खाली नणंद सहा शिंपल्यांची बटणं घेऊन उभी होती. वाटेत वहिनीने तिला सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, "आणि मी त्यांना लबाड समजले."

घरी नवऱ्याने विचारलं, "आणला का फ्रिज?" कुणीच हसलं नाही, तेव्हा बिचारा गुपचूप भांडी घासायला गेला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वहिनी स्वतःच त्या स्पंजच्या खोलीत जाऊन बसली. दार लावलं. असं ती कधी करत नसे. आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू तिला आपलाच श्वास ऐकू आला, मग मानेचं हाड हललेलं, मग फार खोलवर रक्ताची लय. तिला वाटलं, एखाद्याचं ऐकणं दिवसाला एक कण असं कमी होत गेलं, तर त्याला कळणार तरी कसं? तो तारांनाच बोल लावेल. दुसरं काय करेल?

गुरुवारी सकाळी तारवाले दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. आपण वाट चुकून आलो, असा त्यांचा आविर्भाव होता.

"दुकान बंद ठेवलंय," ते म्हणाले. "गुरुवारी तसंही कुणी फिरकत नाही."

वहिनीने खुर्ची पुढे केली.

"काल एका मुलीच्या गिटारला तारा चढवून दिल्या," ते बसता बसता म्हणाले. "तिने एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, अय्या, किती लख्ख वाजतायत! आणि मला... मला तेच पांघरूण." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "करा काय करायचं ते."

तिने हेडफोन लावले, दार मिटलं. जाड, खालचे आवाज सोडले तेव्हा त्यांचा अंगठा झटक्यात बटणावर पडत होता. गिटारी लावून लावून तयार झालेले कान होते ते. पण आवाज जसजसे वर चढू लागले, तसतसा अंगठा थबकला. वहिनी आवाज वाढवत गेली. काचेपलीकडे तारवाले डोळे मिटून, मान किंचित वर करून बसले होते, न येणाऱ्या बसची वाट पाहावी तसे. कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ आली आणि मग जिन्यासारखी खाली उतरत गेली.

तिने कागद त्यांना दाखवला. त्यांनी बोटाने तो जिना वरून खाली चाचपला.

"म्हणजे तारा इथे आहेत," उतरणीवर बोट ठेवून ते म्हणाले.

"तिथेच आहेत. तुमची बायको, नात, सगळ्यांचे स आणि श तिथेच आहेत."

मग तिने दोन छोटी यंत्रं त्यांच्या कानांमागे बसवली आणि कॉम्प्युटरवर ती जुळवू लागली. यंत्रं सुरू झाली, तसे तारवाले दचकले.

"हे काय खसखसतंय?"

"तुमचा शर्ट."

त्यांनी हात हलवला, थांबवला, पुन्हा हलवला. "इतका बोलतो हा?" मग त्यांनी टेबलावरचा कागद उचलून चुरगळला. चुरगळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून वहिनीने मान फिरवली आणि उगाचच पडद्यात बघत बसली.

"तुम्ही तिथे नेमकं काय करताय?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"हळू आवाज वर उचलतेय. मोठा आला की दाबायचा."

"थांबा, थांबा. दाबतो किती लवकर? आणि सोडतो किती वेळाने?"

वहिनी हसली. आजवर हा प्रश्न तिला एकाही पेशंटने विचारला नव्हता. तिने आकडा सांगितला.

"फार घाईने सोडतो," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "धाप लागल्यासारखं ऐकू येतंय. सावकाश सोडायला सांगा त्याला."

"सावकाश सोडला तर मोठ्या आवाजानंतर लगेच कुणी हळू बोललं, तर ते ऐकू येणार नाही."

"माझ्या घरी कुणी हळू बोलतच नाही."

"तीन वर्षं तुमच्यामुळेच ओरडत असतील ते."

तारवाले मोठ्याने हसले आणि आपल्याच हसण्याने दचकून कानाला हात लावला. तासभर दोघं तिथेच घासाघीस करत बसले, एकमेकांच्या धंद्यातलं एकमेकांना समजावत. शेवटी मधलं काहीतरी ठरलं. महिनाभर वापरून पाहा, मग ठरवा, असं सांगून तिने त्यांना पाठवलं.

शनिवारी दोघी पुन्हा दुकानात गेल्या. तारवाले निळ्या डब्यासमोर बसले होते. स्पीकरमधून श्श्श येत होतं.

"याला स्वच्छ म्हणत होतो मी," वर न बघता ते म्हणाले. "भांडलो लोकांशी. एकाला तर म्हणालो, आधी कान साफ करून या."

नणंद पुढे झाली. "मीही तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते. फिटंफाट."

त्यांनी निळा डबा बाजूला सारला. मग वहिनीने, आठवडाभर मनात घोळवलेलं, विचारलं, "आणि करडा?"

तारवाल्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "तेवढं मागू नका. काल वाजवला तो. संध्याकाळ होईपर्यंत वाजवत बसलो. बायको जेवायला बोलवायला आली, ती इथेच बसून राहिली." त्यांनी हात जोडले. "तो आता विकायचा नाही."

वहिनीला वाईट वाटलं नाही असं नाही. तो थांबलेला सूर सात दिवस तिच्याबरोबर दवाखान्यात, भाजीच्या रांगेत, झोपेच्या काठावर फिरत होता. त्याची मालकी मनातल्या मनात झालीही होती. पण तारवाल्यांकडे पाहून तिला हसूच आलं. आपणच त्या डब्याला त्याचं जुनं गिऱ्हाईक परत मिळवून दिलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार?

"मग मला दुसरा शोधून द्या," ती म्हणाली. "आता तुम्हाला ऐकू येतंय."

त्यांनी बाह्या सरसावल्या. एकेक खण उघडत गेले. धूळ बसलेले, परत आलेले, विकले न गेलेले असे सात-आठ डबे निघाले. आळीपाळीने एकेकाची जोडणी करायची, वहिनीने तीच एक ओळ वाजवायची आणि तिघांनी ऐकायचं. एक कोंदट वाजायचा. एक प्रत्येक सुरानंतर उसासा टाकायचा. एकाने सूर इतका दाबला, की नणंद म्हणाली, हा तर आमच्या साहेबांसमोर उभा राहिल्यासारखा वाजतोय. दुपार कलत गेली. दोन गिऱ्हाइकं आली, आणि तीही भिंतीला टेकून ऐकत राहिली.

शेवटी तपकिरी रंगाचा एक ओबडधोबड डबा आला. त्याला बटणं दोनच, आणि वर नावसुद्धा नाही.

"हा दोन वर्षं पडून आहे," तारवाले म्हणाले. "मी सगळ्यांना सांगायचो, यात काही होतच नाही. सुरू काय नि बंद काय."

वहिनीने वाजवलं. खरंच काही झालं नाही. सूर गिटारचाच होता, तिच्याच हाताचा होता. फक्त तो गेला नाही. करड्यासारखा खोली भरून राहिला नाही, पण नणंद जवळजवळ नकळत गुणगुणू लागली, तर तिची ओळ संपेपर्यंत सूर तिच्याबरोबर चालत राहिला आणि तिच्या बाजूला थांबला.

तारवाल्यांनी मान तिरकी केली. "होतंय की," ते पुटपुटले. "किती बारीक काम आहे! हे मला ऐकूच आलं नव्हतं."

त्यांनी आपल्या खरेदीचीच किंमत सांगितली. फुकट घ्या म्हणाले असते तर वहिनीने नाकारलं असतं, आणि बहुधा ते त्यांनाही ठाऊक होतं. बुटांच्या पैशातून थोडे उरलेसुद्धा.

रविवारी सकाळी मागच्या खोलीत तपकिरी डबा फरशीवर ठेवला गेला. वहिनीने तो अनवाणी पायानेच दाबला. नणंदेने डोळे मिटले आणि गाऊ लागली. डबा आवाज उचलत होता तसे बारीकसारीक आवाजही वर आले होते, आणि तारेवरून बोट सरकताना एक चिरकी कुजबुज ऐकू येत होती. आजवर ती कधी ऐकू आली नव्हती. वहिनी थांबली.

"हे सरकणं ऐकू येतंय. बोट उचलून ठेवते."

"नको," नणंद डोळे न उघडता म्हणाली. "राहू दे. तू कुठे जातेयस ते मला कळतंय त्यातून."

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं. नवरा ओल्या हातांनी दाराशी येऊन उभा राहिला आणि या खेपेला त्याला काही गंमत सुचली नाही. वहिनीने बोट पुढच्या सुरावर सरकवलं, कुजबुज झाली, आणि तिच्यामागून नणंदेची लांब ओळ सावकाश निघाली.